बांध कोणाचा?

मांडवा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना गेटवेहून सुटणारी बोट, जेट्टीवरचा चहा-नाश्ता आणि पुढचं किहीम-अलिबागचं बुकिंग आठवतं. २०२० मध्ये रो-रो सुरू झाल्यापासून तर गाडीही बोटीत घालून नेता येते. जेट्टीवर उतरलेल्या गाड्या बहुतेक चोंढीच्या दिशेने सुटतात, बीचकडे. आज आपल्याला नेमकं उलट बाजूला जायचंय, रेवस आणि धरमतर खाडीकडे. इतिहासावर लिहितो म्हटलं की किल्ले आणि आंग्रे यांची अपेक्षा असते. आजचा इतिहास मात्र चिखलाचा आहे.

मांडव्याजवळ मिळकतखार नावाचं गाव आहे. त्यातला 'खार' हा शब्द लक्षात ठेवा. खार म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली जमीन. अलिबाग-पेण भागातल्या खाडीकाठच्या अशा पट्ट्याला 'खारेपाट' म्हणतात, आणि माझ्या आईचं माहेर तिथलं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथल्या भेगाळलेल्या शेतात क्रिकेट खेळायचो. आपलं पिच उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं ते थेट इंजिनिअरिंगला असताना. मोठा शोध लागल्यासारखा मी ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बांध कशाला घातलाय?"

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, गंमत आहे.

खाडीच्या बाजूला एक उंच मातीचा बांध असतो, तो बाहेरचा बांध. आत खाचरांचे छोटे बांध. बाहेरच्या बांधात जागोजागी दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते, आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, सेन्सर नाही, वीज नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना डायोड आठवेल. दिवसातून दोनदा चंद्राच्या तालावर चालणारी ही यंत्रणा शेकडो वर्षं चालू आहे.

पावसाळ्यात हे पाणी दोन कामं करतं. जमिनीतलं मीठ धुऊन खाली नेतं आणि भात पिकवतं. बऱ्याच ठिकाणी मोड आलेलं बी चिखलात फेकून पेरतात, त्याला रहू म्हणतात. काळा रता, भुरा रता या जाती खारं सोसणाऱ्या, म्हणून त्या इथे टिकल्या. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल' नावाच्या सुधारित जाती काढल्या. वर खाचराशेजारच्या तळ्यात जिताडा असतोच. (जिताडा न खाता अलिबागहून परत येणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे.)

पण या यंत्रणेत एक अडचण आहे. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर? उघाडी बंद राहते आणि वरून येणारं सगळं पाणी आत साचत जातं. बांध समुद्राला बाहेर ठेवतो तसा पावसाला आतही कोंडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत हेच झालं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि त्यातच भरती. मिठीच्या काठच्या वस्त्यांमधून पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. खारेपाटात मात्र हे पाणी काही तास कुठे थांबणार हे आधीच ठरलेलं असायचं. ते खाचरात थांबायचं, आणि घरं त्यातल्या त्यात उंचवट्यावर बांधलेली असायची. फ्लड प्लॅनिंग हा शब्द कोणी ऐकला नव्हता एवढंच.

दुसरी अडचण जास्त गंभीर. बांध फुटणे. तिकडे म्हणतात 'खांड गेली'. सुरुवात अगदी फालतू असते. खेकड्याचं एक बीळ, त्यातून झिरपणारी बारीक धार. ती दिसली त्याच दिवशी चिखलाचे दोन गोळे आणि थोडा पेंढा कोंबला तर विषय संपला. नाही दिसली तर पुढच्या अमावास्येच्या उधाणाला तीच धार माणूस आत उतरेल एवढी रुंद होते. मग प्रत्येक भरती-ओहोटीला पाणी आत-बाहेर करतं आणि खांड वाढतच जाते. आत आलेलं मीठ पुन्हा धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेही खांड बुजवली तर.

म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचं मर्म बांधाच्या उंचीत नाहीये. धार पहिल्या दिवशी कोण बघतो आणि चिखल घेऊन कोण उतरतो, यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑन-कॉल कोण?

माझ्या आजोबांच्या तोंडी याचं उत्तर 'जोळ' असं होतं. एका बांधाच्या आत ज्यांची शेतं, त्यांची एक जोळ. काम निघालं की घरटी एक माणूस. खांड गेल्याची हाक आली की रात्र असो, लग्न असो, निघायचं, कारण काम पुढच्या भरतीच्या आत संपवायचं असतं. साडेपाच-सहा तासांची डेडलाइन, आणि ती पुढे ढकलायला चंद्राला मेल करता येत नाही. जो येणार नाही त्याची गावात शोभा व्हायची.

इथपर्यंत वाचून 'वा, काय सुंदर ग्रामजीवन' असं वाटलं असेल तर थांबा. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग एका वीकेंडला १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचायला घेतलं. (रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.) त्यात शिलोत्री नावाची एक पद्धत सापडते. ज्याने किंवा ज्याच्या देखरेखीखाली खार बांधली तो शिलोत्रदार. बाहेरचा बांध राखायची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल बिघ्यामागे साधारण मणभर भात तो कुळांकडून घ्यायचा. म्हणजे मेंटेनन्स चार्ज! आपल्या सोसायटीसारखाच. फक्त इथे चेअरमन निवडून येत नव्हता. कसणाऱ्याने भात द्यायचं, आणि वर बांधावर घामही गाळायचा. जोळीचा एकोपा खरा होता, पण ज्या जमिनीसाठी हे लोक चिखलात उतरायचे ती बहुतेकांच्या नावावर नव्हती.

जमिनी सावकारांच्या आणि खोतांच्या. पिकातला मोठा वाटा त्यांचा, शिवाय वेठ. खाडीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत पिकलेलं भात दुसऱ्याच्या कोठारात घालायचं. यातूनच २७ ऑक्टोबर १९३३ ला पोयनाडजवळच्या चरी गावात संप ठरला. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांच्या कुळांनी जमीन कसायचं थांबवलं. आठवड्याचा, महिन्याचा नाही, १९३९ पर्यंत चाललेला संप! लोक जंगलातली लाकडं विकून आणि मासेमारी करून जगले. भारतात शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप दुसरा झाला नाही असं म्हणतात. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला सभेसाठी आले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागूंनी 'कृषीवल' सुरू केलं. शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातलं आणि कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९ मध्ये आला.

आमच्या शाळेच्या पुस्तकात या संपावर फार तर दोन ओळी असतील. दांडी यात्रेचा नकाशा मात्र पाठ होता. असो.

आता माझा मुद्दा. १९४८ हे वर्ष बघा. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळ कायदा आला, आणि त्याच वर्षी खारभूमींसाठी वेगळा कायदा होऊन खारभूमी मंडळही आलं. पुढे १९५७ च्या १ एप्रिलला कसेल तो मालक झाला. हे दोन कायदे एकत्र वाचत कोणी नाही, पण माझ्या मते ते एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जमीनदार गेला, आणि जायलाच हवा होता. पण त्याच्याबरोबर बाहेरच्या बांधाचा जबाबदार माणूसही गेला. आतली जमीन शंभर घरांत वाटली गेली, बाहेरचा बांध मात्र वाटता येत नाही. तो एकच आणि सगळ्यांचा. ती रिकामी जागा सरकारला भरावी लागली. १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने हे काम आणखी ठळकपणे सरकारकडे आलं.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणत नाही. मोठमोठे बांध बांधले, दगडी पिचिंग केलं, सिमेंटच्या उघाड्या बसवल्या. हाताने चिखल टाकून ते झालं नसतं. घोळ झाला तो वेळेच्या हिशोबात. सरकारी कामाला पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असा क्रम लागतो, आणि लोकांच्या पैशाचं काम असल्यामुळे तो लागणारच. खेकड्याच्या बिळाला सहा तास असतात. आणि बांध सरकारचा झाला म्हटल्यावर जोळीला हाक कोण देणार? मामा एकदा म्हणाला, "आधी आम्ही बांध बघायला जायचो, नंतर आम्ही बांध बघायला साहेब कधी येतो ते बघायला लागलो."

गोव्यातही ही कथा ओळखीची आहे. तिथल्या खाजन जमिनी अशाच खाडीतून काढलेल्या, उघाडीला तिथे 'मानस' म्हणतात. बांध गावकारी म्हणजे कोमुनिदाद सांभाळायची. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं, बांधाची जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली, पण कोमुनिदादीची शिस्त काही आली नाही. मानशीवरच्या मासळीचा लिलाव हे चांगलं उत्पन्न. मासळीसाठी खारं पाणी आत घेतलं की भात मरतं, आणि एकदा मासळीचा पैसा दिसला की फुटलेला बांध कोणाला नकोसा वाटेलच असं नाही.

मग हॉलंड? तिथल्या पाणी मंडळांचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. बांध राखणं झेपेना, तर बांधात फावडं रोवून जमीन सोडून जायची, अशी जुनी रीत होती. जोळीपेक्षा कडक! पण १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत आला आणि तिथे १,८३६ माणसं गेली. तेव्हा सुमारे अडीच हजार छोटी-छोटी मंडळं होती, बरीचशी दुबळी. त्यांनी ती एकत्र केली, आज २१ आहेत. इंजिनिअर नेमले, समुद्राकडचे अवाढव्य बांध देशाच्या सरकारने बांधले. मात्र मंडळाचा स्वतंत्र कर आणि मंडळाची निवडणूक, या दोन गोष्टी कायम ठेवल्या. पाण्यासाठी वेगळं मतदान! आपल्याकडे शिलोत्रीचा मण गेला, जोळीची हाक गेली, आणि त्यांच्या जागी बांधाच्या आत राहणाऱ्याच्या हातात काहीच आलं नाही. मला खुपतं ते एवढंच.

सध्या खाडीकाठी नवीन गुंते आहेत. धरमतर खाडीतून मालाचे बार्ज जातात, त्यांच्या लाटांनी बांध झिजतो ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. समुद्राची पातळी वाढतेय ती वेगळी. जिथे खांड बुजलीच नाही तिथे काही वर्षांत कांदळवन उगवतं. कांदळवन लाटा अडवतं, त्याचं संरक्षण व्हायलाच हवं, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ते तोडता येत नाही हे बरंच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि शेतात कांदळ उभं आहे, त्याने काय करायचं? शेत कसता येत नाही, कांदळ तोडता येत नाही, आणि झाड वाढायला कारण झालेली खांड त्याने पाडलेली नाही.

मांडव्याच्या बाजूला याच्या अगदी उलट. तिथे जमिनीला भाव आहे. मुंबई जवळ आल्यावर आणखी वाढला. सखल खाचर घ्यायचं, डंपरने माती ओतून चार-पाच फूट भराव करायचा, वर बंगला. भराव केलेल्या प्लॉटला पूर येत नाही, हे खरंय. तिथे काही तास थांबणारं पाणी शेजारच्या खाचरात आणि तिथून मागच्या पाड्यातल्या घरात जातं. त्या बंगल्यांच्या जाहिरातीत 'सी व्ह्यू' असतो, उघाडीचा उल्लेख मला अजून एकाही जाहिरातीत दिसलेला नाही.

गेल्या दिवाळीत मामाकडे एक एजंट आला होता. त्याने दिलेला आकडा ऐकून माझा टीम लीडसुद्धा नोकरी सोडेल. मामाने त्याला एकच प्रश्न विचारला, भराव टाकल्यावर उघाडीचं काय करणार? एजंटला वाटलं उघाडी म्हणजे शेजारचं गाव. म्हणाला, "तिकडचेही प्लॉट आहेत आपल्याकडे." मामाने अजून जमीन विकलेली नाही. त्याच्या दोन्ही मुलांना ती विकायची आहे, आणि त्यांचं चुकतंय असं मला त्यांच्या तोंडावर सांगता आलेलं नाही.