खाट नसलेल्या आजाराचा विमा

मुंबईच्या गिरणगावात तापाची किंमत दोनदा मोजावी लागे, एकदा डॉक्टरला आणि एकदा गिरणीला. कामावर गेले नाही की खाडा पडायचा आणि त्या दिवसाचा पगार बुडायचा. माणूस बदली कामगार असला तर प्रश्नच मिटला. सकाळी गिरणीच्या दारात उभा असलेला दुसरा कोणीतरी त्याच्या साच्यावर जायचा. मग फीसाठी, औषधासाठी आणि बुडालेल्या पगाराच्या भरपाईसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे. लालबाग-परळच्या चाळींतली किती तरी कर्जे अशा आठ-दहा दिवसांच्या साध्या आजारपणातून सुरू झाली. मोठे ऑपरेशन, हॉस्पिटलातली खाट या फार पुढच्या गोष्टी होत्या.

भारतातल्या आरोग्यविम्याचा उगम याच साध्या आजारात आहे, हे आज सहसा आठवत नाही. आज विमा म्हटले की डोळ्यांपुढे येते ते अॅडमिट होणे. दवाखान्यात नंबर लावून, तपासून, चिठ्ठी घेऊन घरी परतणारा रुग्ण त्या चित्रात नसतो. सुरुवातीला मात्र सगळा विचार त्याचाच होता.

मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा प्रश्न हाताळला. मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. पुढे मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने 1937 मध्ये कापडगिरण्यांतल्या कामगारांसाठी चौकशी समिती नेमली. तिनेही 1940 च्या अहवालात सक्तीच्या आजारविम्याची शिफारस केली. गाडी खरी हलली ती 1943 मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. अदारकर यांच्याकडे देण्यात आले आणि 15 ऑगस्ट 1944 रोजी त्यांनी अहवाल दिला. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरायची, आजारपणात उपचार मिळायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग रोखीने मिळायचा, हा योजनेचा गाभा. गिरणगावातला तो दुहेरी खर्च अदारकरांनी एकाच योजनेत पकडला, आणि तीच तिची थोरवी.

कल्पनेला परदेशी वडीलधारे होते. जर्मनीत बिस्मार्कने 1883 मध्ये आजारविमा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी 1911 मध्ये कायदा आणला. पुरुष कामगाराच्या आठवड्याच्या वर्गणीत कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन असत. तिथे कामगाराने यादीतला, म्हणजे पॅनेलवरचा, आपल्या भागातला डॉक्टर निवडायचा आणि डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम विम्यातून मिळायची. मुंबईशी याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

अदारकरांच्या योजनेवर बेतलेला कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 मध्ये संमत झाला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीतही. कानपूर आणि दिल्ली मिळून सुमारे एक लाख वीस हजार कामगार पहिल्या फेरीत आले. नेहरूंनी स्वतः विमेदाराचा अर्ज भरला आणि ते योजनेचे पहिले मानद विमेदार झाले. नागपूर आणि मुंबईत योजना आली 1954 मध्ये.

बहुतेक राज्यांनी विमेदारांसाठी सरकारी दवाखाने उघडले. मुंबईने मुख्यतः पॅनेलची वाट धरली. गल्लीबोळात आधीच दवाखाने थाटून बसलेल्या डॉक्टरांची यादी झाली, कामगाराने घराजवळचा डॉक्टर निवडला, आपले नाव तिथे नोंदवले. डॉक्टरला वर्षाकाठी माणशी ठरावीक पैसे मिळत. रुग्ण दहा वेळा आला काय आणि एकदाही आला नाही काय, रक्कम तीच. तपासणीची फी कामगाराने द्यायची नाही, औषध चिठ्ठीवर ठरलेल्या केमिस्टकडून घ्यायचे. आजारपणाचा दाखला हाच डॉक्टर द्यायचा आणि त्या दाखल्यावर रोख भत्ता मिळायचा. सुरुवातीला हे सारे फक्त कामगारापुरते होते, कुटुंबाला उपचार पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले. गंभीर आजारासाठी परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभे राहिले.

या व्यवस्थेत दोष होतेच, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. माणशी ठरावीक पैसे मिळणाऱ्या डॉक्टरला रुग्ण लवकर वाटेला लावण्याचा मोह होतो. गर्दी, ताटकळणे, औषधांचा तुटवडा, दाखल्यावरून वाद या तक्रारी योजनेच्या जन्मापासून तिला चिकटल्या. तरीही डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवताना खिसा चाचपावा लागत नव्हता, हे या व्यवस्थेने दिले.

तिचे खरे दुखणे वेगळेच होते. विमा नोकरीला बांधलेला होता. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि त्यातले असंख्य पुन्हा कामावर गेलेच नाहीत. पगार थांबला की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही काळाने उपचारांचा हक्कही सरतो. ज्या वेळी डॉक्टरची फी देणे सर्वांत जड जाते, नेमक्या त्याच वेळी विम्याचे कार्ड निरुपयोगी झाले.

मध्यमवर्गाची वाट तोवर निराळी होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना दिल्लीत 1954 मध्ये आणि मुंबईत 1963 मध्ये आली. तिच्यात ओपीडी, औषधे, तपासण्या सगळे येते. बाकीच्यांसाठी 1986 मध्ये मेडिक्लेम आली. 1973 पासून सरकारी मालकीच्या झालेल्या चार साधारण विमा कंपन्यांनी ती बाजारात आणली, त्यातली न्यू इंडिया अॅश्युरन्स मुंबईची. तिच्या अटींत एक ओळ अशी होती की तिने पुढच्या चाळीस वर्षांचा नकाशा आखला: किमान 24 तास रुग्णालयात दाखल असले पाहिजे.

कंपन्यांची बाजू समजून घ्यायला हवी. विमा चालतो तो क्वचित येणाऱ्या मोठ्या खर्चावर. सर्दी-ताप तर घरोघरी दरवर्षी येतो, रक्कम लहान असते, आणि तीनशे रुपयांचे बिल तपासायला कंपनीला तेवढाच खर्च यायचा. त्यात आपल्याकडे कोपऱ्यावरचा डॉक्टर पावती देतोच असे नाही, कधी गोळ्याही स्वतःच्याच डब्यातून देतो. अशा व्यवहाराचा दावा कागदावर आणायचा तरी कसा? म्हणून ओपीडी बाहेर राहिली. हिशेब चुकीचा नव्हता. पण हिशेब कंपनीचा होता, घराचा नव्हता. मधुमेह, रक्तदाब, दमा यांचा रुग्ण वर्षानुवर्षे महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्यांवर पैसे घालतो आणि खाटेपर्यंत जातच नाही. त्याच्या लेखी अशी पॉलिसी असून नसल्यासारखी.

पुढे अट थोडी सैल झाली. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी असे एका दिवसात उरकणारे उपचार डे-केअर म्हणून आत आले. दाखल होण्याआधीचे साधारण 30 दिवस आणि घरी आल्यानंतरचे 60 दिवस यांतला त्याच आजाराचा ओपीडी खर्चही बहुतेक पॉलिसींत मिळतो. अनेक घरांत ही बिले फाइलबाहेर राहतात आणि हक्काचे पैसे बुडतात. निव्वळ ओपीडीसाठी आता जोडकवच मिळते, पण त्याची वार्षिक मर्यादा बहुधा लहान असते. वाढीव हप्ता आणि मर्यादा शेजारी शेजारी मांडून पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला आहे, हेही हप्ता पाहताना तपासावे.

सरकारी योजनांनीही खाटेचाच मार्ग धरला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. 2018 मध्ये पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली. हृदयशस्त्रक्रिया आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी घर विकायला निघालेल्या कुटुंबांना या योजनांनी हात दिला, आणि त्याचे मोल मोठे आहे. नेहमीची ओपीडी मात्र त्यांच्या कक्षेबाहेरच राहिली. ती आरोग्यवर्धिनी केंद्रे, मुंबईत 2022 पासूनचा आपला दवाखाना आणि सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये यांच्याकडे गेली. या रुग्णालयांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आल्याचे सरकारी आकडे सांगतात. घट मोठी आहे, तरी शंभरातले चाळीस रुपये अजून घरातूनच जातात.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीने 1946 मध्येच लिहून ठेवले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. अदारकरांची योजना त्या वाटेवरचे पहिले पाऊल होती आणि कर्मचारी राज्य विमा म्हणून ती आजही जिवंत आहे. जुलै 2019 पासून कामगाराची वर्गणी पगाराच्या 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के आहे. पगाराची मर्यादा 21,000 रुपये आहे. 2017 च्या जानेवारीपासून ती बदललेली नाही आणि महागाई पाहता ती वाढवायलाच हवी. 21,000 पगाराच्या कामगाराचे महिन्याला 157 रुपये 50 पैसे जातात, आणि त्यात त्याच्यासह कुटुंबाची ओपीडीही येते. आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात या पगाराच्या आत काम करणारे कोणी घरात असेल, तर त्याच्या पगारपत्रकावर ही कपात आहे का ते पाहावे, विमा क्रमांक मागून घ्यावा आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव त्यावर चढवून घ्यावे.