पॅकेज-आज्ञांचा इतिहास आणि मराठी अक्षररूप : 'लोहित' फॉन्टच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकावरील मराठीचा इतिहास सामान्यतः कळफलक, फॉन्ट आणि युनिकोड या टप्प्यांनी सांगितला जातो. तयार झालेला फॉन्ट वापरणाऱ्याच्या संगणकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. युनिक्ससदृश प्रणालींत हा मार्ग म्हणजे पॅकेज शोधण्याच्या व बसविण्याच्या लिखित आज्ञा होत. प्रस्तुत लेखात या आज्ञांच्या विकासाचा आढावा घेऊन मराठी 'ल' आणि 'श' यांच्या प्रमाण रूपांशी असलेला त्यांचा संबंध तपासला आहे.

पूर्वपीठिका

प्रारंभीच्या काळात युनिक्सवरील सॉफ्टवेअर मूळ संहितेच्या स्वरूपात मिळे. ती संहिता संगणकावर संकलित करणे आणि तिला लागणारे इतर घटक शोधणे ही जबाबदारी वापरणाऱ्याची असे. कोणता घटक कोठे बसविला याची नोंद राहत नसल्याने तो काढून टाकणेही अवघड होई.

ऑगस्ट 1993 मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. त्यातील 'डीपीकेजी' हे साधन 1994 मध्ये इयान जॅक्सन यांनी नव्याने लिहिले. 1995 मध्ये रेड हॅटने 'आरपीएम' आणले. या साधनांनी प्रत्येक सॉफ्टवेअरला नाव, आवृत्ती, वर्णन आणि अवलंबित्वांची यादी दिली. तथापि, अवलंबित घटक शोधून आणण्याचे काम वापरणाऱ्याकडेच राहिले. मार्च 1999 मधील डेबियन 2.1 सोबत आलेल्या 'ॲप्ट'ने ही उणीव दूर केली. दूरस्थ भांडाराची सूची वाचून आवश्यक ते सर्व घटक एकाच आज्ञेने आणणे त्यामुळे शक्य झाले. आरपीएमच्या जगात हेच कार्य ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'यम' या साधनाने केले. 2015 मध्ये फेडोरा 22 पासून त्याची जागा 'डीएनएफ'ने घेतली.

या साधनांतील शोधाची सोय विशेष उल्लेखनीय आहे. 'ॲप्ट-कॅश सर्च' ही आज्ञा पॅकेजचे नाव आणि वर्णन यांत दिलेला शब्द शोधते. ग्रंथालयाच्या तालिकेप्रमाणे येथेही नोंद ज्या शब्दांत झाली असेल, त्याच शब्दांनी वस्तू सापडते.

'लोहित' आणि मराठी

'लोहित' या फॉन्टसमूहाची अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने पुरविली आणि रेड हॅटने ती मुक्त परवान्याखाली प्रसृत केली. सप्टेंबर 2011 मध्ये जीपीएल परवान्याऐवजी 'ओपन फॉन्ट लायसन्स' स्वीकारण्यात आले. पुढे देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी एक समाईक फॉन्ट तयार झाला. समाईकीकरण सोयीचे असले, तरी मराठीच्या दृष्टीने त्यात एक अडचण होती.

पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे हिंदीत रूढ असलेल्या रूपांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने लिपी व वर्णमाला प्रमाणित केली. 10 नोव्हेंबर 2022 च्या सुधारित निर्णयातही ही दोन रूपे प्रमाण मानली गेली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या 'ल'ला एकच संकेतांक आहे. 'श'चीही तीच स्थिती. म्हणजे शासनाने प्रमाण मानलेला भेद साठविलेल्या मजकुरात नसतो, तो फॉन्टमध्ये असतो. फॉन्टला भाषेनुसार रूप बदलता येते, परंतु मजकूर मराठी असल्याची सूचना त्याला मिळाली पाहिजे. ती नसेल तर पडद्यावर हिंदी वळणाचे अक्षर उमटते.

या पार्श्वभूमीवर फेडोराच्या भांडारातील 'लोहित-मराठी-फॉन्ट्स' आणि डेबियनमधील 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी' ही स्वतंत्र पॅकेजे महत्त्वाची ठरतात. डेबियनच्या नावातील 'देवा' हे देवनागरी लिपीचे आंतरराष्ट्रीय संकेतनाम आहे. लिपीच्या नावापुढे भाषेचे नाव जोडले गेल्यामुळेच रोमन अक्षरांत 'मराठी' असे टंकित करणाऱ्यास हे पॅकेज सापडते. पॅकेजांची वर्णने मुळात इंग्रजीत लिहिली जात असल्याने देवनागरीत तोच शब्द टंकित करून शोध घेणाऱ्यास या नोंदीचा उपयोग होत नाही, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पॅकेज-आज्ञा हे केवळ तांत्रिक साधन नसून भाषिक रूपाच्या प्रसाराचेही माध्यम आहे. शासन निर्णय अक्षराचे प्रमाण रूप ठरवितो आणि फॉन्टकार ते रेखाटतो. पुणे-नाशिक मार्गावरील कळंबसारख्या गावात एखाद्या शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल, तर तेथे ते रूप उमटणे हे योग्य पॅकेजचे नाव कोणाला तरी ठाऊक असण्यावर अवलंबून राहते. एकदा उतरवून घेतलेले फॉन्टचे पॅकेज इंटरनेट नसलेल्या संगणकावरही बसविता येते. त्यामुळे अडचण साधनांपेक्षा माहितीची अधिक आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात या आज्ञा बहुधा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित राहतात. मराठी विषयाच्या अध्यापकांनीही त्यांची ओळख करून घेतल्यास प्रमाण लेखनाचा आग्रह कागदावरून पडद्यापर्यंत पोहोचू शकेल.