बीजाची परीक्षा

मूल नसलेल्या घरात दोष स्त्रीच्या पदरी घालण्याची रीत फार जुनी आहे. 'वांझ' हा शब्द तिच्या वाट्याला आला. पुरुषाच्या बीजाची परीक्षा करावी, असे मात्र शतकानुशतके क्वचितच कोणाला सुचले. सुचले तरी नीट तपासणीचे साधन नव्हते. १६७७ साली डेल्फ्ट या डच नगरातील लेव्हेनहुकने स्वतः घडविलेल्या भिंगातून वीर्यातील चळवळणारे शुक्राणू पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस ते पत्राने कळविले.

दिसू लागलेली वस्तू मोजली जाणे ओघानेच आले. १९५१ साली मॅक्लिऑड आणि गोल्ड या अमेरिकन संशोधकांनी ज्यांच्या पत्नी गर्भवती होत्या असे एक हजार, व निपुत्रिक दांपत्यांतील एक हजार पुरुष तपासले. मिलिलिटरमागे दोन कोटींहून कमी शुक्राणू असणारे निपुत्रिकांत शेकडा सोळा निघाले. परंतु पहिल्या गटातही शेकडा पाच होतेच! केवळ संख्येवरून कोणा एकाचा निवाडा करता येत नाही, हे यावरून उघड झाले.

मग शोध शुक्राणूच्या अंतरंगाकडे वळला. त्याच्या मस्तकात डीएनएचा धागा प्रथिनांनी घट्ट आवळलेला असतो. १९८० साली इव्हेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या धाग्याला उष्णता देऊन त्यावर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हा रंग चढविला. धड राहिलेला धागा हिरवा चमकतो, उकललेला तांबडा. पुढे उष्णतेच्या जागी आम्ल आले आणि 'ट्यूनेल', 'कॉमेट' यांसारख्या निराळ्या चाचण्याही निघाल्या. प्रत्येकीचे माप वेगळे असल्यामुळे एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

शिवाय, जो शुक्राणू तपासला जातो तो त्या तपासणीतच नष्ट होतो. आकडा सांगतो तो समुदायाविषयी. गर्भधारणा घडविणारा एकटा शुक्राणू कसा असेल, हे तो सांगू शकत नाही. थोडीबहुत मोडतोड स्त्रीबीज स्वतःच दुरुस्त करते. ताप, धूम्रपान, वृषणाच्या फुगलेल्या शिरा यांनी आकडा वाढतो, आणि कारण दूर झाल्यास काही महिन्यांनी उतरूही शकतो.

म्हणूनच २०२० साली अमेरिकन तज्ज्ञसंस्थांनी ही चाचणी प्रारंभिक तपासणीत करू नये, वारंवार गर्भपात होत असल्यास तिचा विचार करावा, असे सुचविले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यपरीक्षेच्या आपल्या पुस्तिकेत तिला स्थान दिले, तेही नेहमीच्या नव्हे, तर विस्तारित तपासण्यांत.

एका आकड्यावरून पुरुषाला कायमचे निपुत्रिक ठरविणे हा त्या जुन्या अन्यायाचाच नवा अवतार होय. परंतु वारंवार गर्भ गळणाऱ्या स्त्रीकडेच बोट दाखविण्याऐवजी तिच्या पतीचीही तपासणी होऊ लागली, एवढे श्रेय या अपुऱ्या कसोटीस द्यावयास हवे.