कफील कोणाचा?

मी कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. दोन-तीन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, दहावी पास झालो की पासपोर्टवर ईसीआर येत नाय ना?" वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. दहावी न झालेल्याला आखाती देशात मजुरीसाठी जायचे असेल तर सरकारची वेगळी परवानगी लागते, दहावी पास असलेल्याला लागत नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत दहावीच्या निकालाचा पहिला अर्थ हाच असतो. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून मंडणगड-दापोलीपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात जा. व्हिसा, इकामा, कफील, तनाजुल, खुरूज हे शब्द तिथे लहान पोरांनाही ठाऊक असतात. मात्र हे शब्द आले कुठून, हे आपण कधी विचारत नाही.

मी उर्दूतून शिकलेला, त्यामुळे आधी शब्दाकडेच वळतो. कफालत म्हणजे जामीनकी, दुसऱ्याचा भार आपल्या शिरावर घेणे. कर्जदाराने पैसे दिले नाहीत तर मी देईन, असे म्हणणारा तो कफील. यतिमाला सांभाळणाऱ्यालाही कफीलच म्हणतात. हजरत जकरियांनी बीबी मरियमचा सांभाळ केला, त्या प्रसंगातही याच धातूपासून झालेला शब्द येतो. म्हणजे मूळ अर्थाने ओझे उचलतो तो कफील. आखातातल्या परवान्याच्या कागदावर हा शब्द चढला आणि ओझे दुसऱ्याच खांद्यावर गेले. हे घडले कसे?

आपल्यातले पुष्कळजण समजतात की ही अरबांची जुनी रीत, वाळवंटातल्या पाहुणचारातून आलेली. त्यात थोडे तथ्य असेल. पण आज आपण ज्याला कफाला म्हणतो, त्या कागदाचा इतिहास तसा ताजा आहे आणि त्यात अरबांइतकाच इंग्रजांचाही हात आहे. ओमर अल-शेहाबी या संशोधकाने २०१९ साली एका लेखात हे नीट दाखवले आहे.

बहरीनमध्ये तेलाच्या आधी मोती होते. गोताखोर नाखुदाच्या होडीवर जायचे आणि हंगामाआधी त्याच्याकडून उचल घ्यायचे. ती उचल सहसा फिटत नसे. दुसऱ्या नाखुदाकडे जायचे तर पहिल्याकडून 'बरवा' नावाची चिठ्ठी लागे. याच्याकडे माझे इतके येणे आहे किंवा काही येणे नाही, असे त्या चिठ्ठीत लिहिलेले असे. चिठ्ठी नसेल तर दुसरी होडी नाही. आजचे तनाजुल ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९२०च्या दशकात इंग्रजांनी बहरीनच्या कारभारात हात घातला. नाखुदांना हिशेबाच्या वह्या ठेवायला लावल्या, ही सुधारणाच म्हणायची. पण बाहेरून येणाऱ्या गोताखोरांवर नजर ठेवायची कोणी? पोलीस थोडे, किनारा मोठा. म्हणून ज्याने माणूस आणला त्यानेच त्याची जबाबदारी घ्यावी, असे ठरत गेले. सरकारचे काम मालकाच्या गळ्यात पडले आणि त्याबरोबर सरकारची ताकदही त्याच्या हाती गेली.

१९३२ साली बहरीनमध्ये तेल लागले. कंपनी अमेरिकन भांडवलाची, पण माणसे ब्रिटिश प्रजेतली किंवा बहरीनची हवीत, अशी इंग्रजांची अट होती. हिंदुस्थानी माणूस तेव्हा ब्रिटिश प्रजाच होता. मुंबईतून कारकून, फिटर, ड्रायव्हर जाऊ लागले. आत शिरायला इंग्रज पोलिटिकल एजंटचे 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट' लागे. हो, तेच एनओसी! ज्या एनओसीसाठी आपले लोक पुढे कफीलच्या दारात तासन्‌तास उभे राहिले, त्याच्या नावावरच इंग्रजी कचेरीचा शिक्का आहे.

याआधी इराणात आबादानला हिंदी कामगारांनी १९२० आणि १९२२ मध्ये संप केले होते. दुसऱ्या संपानंतर बऱ्याच जणांना परत पाठवण्यात आले. परदेशी कामगार त्रास देऊ लागला की त्याला बोटीत बसवता येते, हे तेव्हाच कंपन्यांच्या ध्यानात आले असावे.

कुवेतने १९५९ साली परदेशी रहिवाशांचा कायदा केला, सौदीने त्याआधी १९५२ मध्ये. पुढे इंग्रज गेले. कुवेत १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, बहरीन, कतार आणि अमिरात १९७१ मध्ये. कागद राहिला. (त्या काळात आखातात रुपया चालत असे, आणि रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, हे वर्गात सांगितले की मुलांना खरे वाटत नाही.) आपली माणसे जायची ती बोटीने. 'दारा' बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला, २३८ जण गेले. 'द्वारका' बोट १९८२ पर्यंत मुंबईहून कराचीमार्गे आखातात जात होती. डेकवर पथारी टाकून गेलेली म्हातारी माणसे अजून आठवणी सांगतात.

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले आणि सगळेच बदलले. रस्ते, बंदरे, इस्पितळे एकदम उभी राहायची होती. हात बाहेरून आणायचे होते, पण ते कायमचे राहायला नको होते. जुन्या कागदाने हे दोन्ही साधत होते. मालक कामगारमंत्रालयाकडे अर्ज करतो, इतकी माणसे या हुद्द्याची आणि या देशाची. मंजुरी आली की एजंट माणूस शोधतो, वकिलात पासपोर्टवर शिक्का मारते. तिकडे उतरल्यावर मेडिकल, मग इकामा. त्यावर मालकाचे नाव. काम त्याचेच करायचे, नोकरी बदलायची तर त्याची सही, सुट्टीवर घरी यायचे तरी त्याची सही. तो 'हुरूब' म्हणजे पळून गेला अशी खबर देऊ शकतो, आणि ती दिली की माणूस एका दिवसात बेकायदा.

या सहीला किंमत आली, तेव्हा ती विकणारेही आले. 'आझाद व्हिसा' नावाचा परवाना कुठल्याही कायद्यात नाही, तरी आपल्याकडे तो सर्वात जास्त खपला. कफील नावापुरता, काम बाहेर कुठेही, आणि दर महिन्याला त्याला ठरलेली रक्कम. आयुष्यात कधी स्टेअरिंग न धरलेली माणसे 'सायक खास' म्हणजे घरगुती ड्रायव्हर म्हणून गेली आणि दुकानात उभी राहिली. या धंद्यात इकडचा एजंट आपलाच होता, कित्येकदा आपल्याच जमातीतला. तिकडच्या कफीलला शिव्या देताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो. आपल्या सरकारकडेही १९८३ पर्यंत १९२२ चाच कायदा होता, सिलोन-मलायाच्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना समोर ठेवून केलेला. १९८३ च्या कायद्याने भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले तेव्हा या व्यवस्थेचे खरे रूप दिसले. मालक देश सोडून गेले आणि कित्येकांचे पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत राहिले. एअर इंडियाने अम्मानहून एक लाख सत्तर हजारांवर माणसे आणली. त्यातली बरीचशी वकिलातीने दिलेल्या तात्पुरत्या कागदावर परतली. ज्याने जबाबदारी घेतली होती तो कफील तेव्हा कुठे होता?

माझे मामू १९८४ मध्ये सौदीला गेले. पेशा इलेक्ट्रिशियनचा, व्हिसा 'आमिल' म्हणजे मजुराचा. कफीलला वर्षातून एकदा भेटायचे, इकाम्याच्या वेळी. २०११ मध्ये सौदीने 'नताकात' आणले. किती सौदी माणसे कामाला ठेवली यावरून कंपन्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग देण्यात आला. लाल रंगात गेलेल्याला आपल्या परदेशी कामगारांचे परवाने नवे करता येईनात. मामूंचा कफील लाल झाला. २०१३ मध्ये माफीची मुदत जाहीर झाली, ती ३ नोव्हेंबरला संपली. त्या काळात एक लाखाहून अधिक हिंदुस्थानी परतले, त्यात मामू एक. २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला शंभर रियाल फी लागली आणि ती दरवर्षी शंभरने चढत २०२० मध्ये चारशेवर गेली. मग बायकामुलेही परतली. तिकडच्या शाळांतून आलेली काही मुले माझ्या वर्गात बसली होती. अरबी छान, मराठीत मात्र अडखळायची.

हा कागद माणसांनी केला, तसा तो माणसांनी बदललाही. बहरीनने २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, २०११ मध्ये त्याला एक वर्षाची अट घातली. कतारने २०२० मध्ये एनओसी काढून टाकली आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन हजार रियाल केले. त्यामागे विश्वचषकामुळे जगाचे लागलेले डोळे होते, हे उघड आहे. सौदीने १४ मार्च २०२१ पासून करारातले एक वर्ष झाल्यावर नोकरी बदलायची सोय केली, पण घरकामगार, ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी यांना त्या योजनेबाहेर ठेवले. म्हणजे 'सायक खास' पुन्हा बाहेरच. आपल्याकडून जाणारा माणूस कुठल्या हुद्द्यावर जातो, हे म्हणून पाहिले पाहिजे. आता मी वर्गात तेही सांगतो. करारावर हुद्दा काय लिहिलाय ते वाच, एजंटचा नोंदणी क्रमांक विचार, त्याची कायदेशीर फी तीस हजार रुपये आणि त्यावर कर, याहून जास्त मागितली तर पावती माग. मुले ऐकतात. पावती मिळत नाही हे त्यांना माझ्याआधीच माहीत असते.

गेल्या रमजानमध्ये मामूंकडे गेलो होतो. कतारच्या कायद्याचे सांगितले तर त्यांनी दोनदा विचारले, "तनाजुलच लागत नाय?" मग पत्र्याची पेटी उघडून त्यांनी एक घडी पडलेला फॉर्म काढला. १९९६ चा. दुसऱ्या एका वर्कशॉपने त्यांना तीनशे रियाल जास्त देऊ केले होते. कफीलने सहीचे पाच हजार मागितले. नव्या मालकाचे नाव भरलेले आहे, मामूंची सही आहे, तारीख आहे. कफीलच्या सहीची जागा अजून कोरी आहे.