मोडलेला संसार आणि लाभलेले समाधान

देगलूर हे गाव नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमांलगत वसलेले आहे. मराठी, तेलुगु, कानडी आणि उर्दू अशा चारही भाषा येथील बाजारात कानावर पडतात. परंतु गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले ते गुंडा महाराजांपासून चालत आलेल्या वारकरी परंपरेमुळे. त्यामुळे ‘समाधान’ हा शब्द येथील माणसास पुस्तकातून शिकावा लागत नाही. कीर्तन ऐकून घराकडे निघालेला शेतकरीही तो सहज उच्चारतो. मात्र हा शब्द जितका सोपा तितकाच फसवा आहे. आपल्या मनासारखे काही झाले नाही म्हणजे मुकाट्याने मान खाली घालावी आणि त्यासच समाधान म्हणावे, अशी आपली पुष्कळदा समजूत असते. ही समजूत खरी असेल तर समाधान म्हणजे लाचारीला दिलेले एक चांगले नाव, एवढाच अर्थ उरेल.

याची पारख करावयाची असेल तर ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या कृतीने उलथेपालथे झाले, आणि ज्या गोष्टीने ते उलथले त्याच गोष्टीत ज्यास अखेर विसावा सापडला, असे माणूस पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात असे एक माणूस आहे. परंतु त्या इतिहासाच्या नेहमीच्या वाटेने गेल्यास ते चटकन दृष्टीस पडत नाही.

ती नेहमीची वाट आपल्या मराठवाड्यातूनही जाते. १९४८ सालापर्यंत देगलूरप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्यास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नारायण शेषाद्री या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने मोठे काम उभारले. जवळच बेथेल नावाचे ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो मुंबईस, १८४३ साली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो अज्ञान असल्यामुळे कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पुढे प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास परत घ्यावे या पक्षास आपले बळ दिले. हा सर्व प्रकार इतिहासाच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. कोण ख्रिस्ती झाले, कोर्टाने काय ठरविले, शास्त्री काय म्हणाले, हे आपणास कळते. कळत नाही ते एवढेच की, त्या घरातील स्त्रियांचे काय झाले. धर्म बदलणाऱ्याजवळ निदान त्याचा निश्चय तरी असतो. मागे राहणाऱ्याच्या पदरी केवळ परिणाम येतो. आणि मागे राहणाऱ्याने आपली हकीकत स्वतः लिहून ठेवावी, असा योग आपल्याकडे फार क्वचित येतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या बाबतीत तो आला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. आजोळच्या आजोबांस १८५७ च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने म्हणा, की आणखी कशाने म्हणा, वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याने घर केले. बाजारातून आलेले धान्य धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही, इथपर्यंत मजल गेली. अशा घरात वाढलेल्या मुलीचे वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक कवी, विद्वान, उदार. आणि तितकेच तापट व फिरस्ते. आज नाशिक तर उद्या नागपूर, मग राजनांदगाव. कधी हातात पैसा तर कधी घरात दाणा नाही. तरीही, कसाही असला तरी तो चारचौघींसारखा संसार होता आणि तो तसाच पुढे चालेल, एवढीच त्या बाईंची अपेक्षा होती.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या क्षणी त्यांच्या पत्नीचे काय झाले असेल, याची कल्पना आज आपणास करणे अवघड आहे. नवरा जिवंत आणि संसार मात्र संपलेला. कपाळी कुंकू आहे पण त्याच्या घरी पाऊल टाकण्याची सोय नाही. पदरी लहान मुलगा, आणि भोवती दया करणारे नातलग. ती दयाही सोसवेना अशी अवस्था! शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्या दुःखात कविता रचण्यास आरंभ केला. त्या काही काळ पंढरपुरासही राहिल्या. आमच्या देगलूरचे वारकरी ज्या विठोबाच्या पायी समाधान शोधावयास जातात, त्याच्याच गावी त्यांनीही ते शोधले असणार. परंतु अडचण देवाची नव्हतीच. अडचण होती ती माणसांनी माणसांभोवती ओढलेल्या रेघांची.

काही वर्षांनी नवराबायको पुन्हा एकत्र आली ती निराळ्याच रीतीने. टिळक ख्रिस्ती, लक्ष्मीबाई सोवळ्यातल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. येथे टिळकांस न्याय दिला पाहिजे. धर्मांतराच्या वेळी त्यांनी पत्नीचा विचार पुरता केला नाही, हा दोष त्यांच्याकडे राहतोच. परंतु पुढे आपला धर्म तिच्यावर लादण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. तिचे सोवळे त्यांनी सांभाळू दिले आणि वाट पाहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तेव्हा पूल ओलांडावयास ज्यास त्यास वेळ लागतो, हे त्यांस ठाऊक असावे.

लक्ष्मीबाईंना तो वेळ लागला आणि त्यांच्या बाबतीत क्रमही उलटा झाला. आधी धर्म बदलला आणि मग जात गेली, असे नव्हे. आधी जात गेली. माणूस सगळीकडे सारखाच असता ही उतरंड देवाने केली असेल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच उलटसुलट केला; आणि ती माणसाचीच करणी, असे एकदा पटल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. ज्या बापाने धान्य धुतल्यावाचून घरात घेतले नाही, त्याच्या मुलीने हा निश्चय केला. यातील मोल धर्मांतराहून कमी नाही. किंबहुना धर्मांतराची वाट या निश्चयाने मोकळी केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कोणी असे म्हणेल की, यात विशेष ते काय? पतीच्या पाठोपाठ जाणे हे हिंदु स्त्रीस जन्मापासून शिकविलेलेच असते. तेव्हा हे ख्रिस्ती श्रद्धेचे फळ नसून पातिव्रत्याचेच एक रूप होय. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो; पण केवळ आज्ञापालनच करावयाचे असते तर लक्ष्मीबाई १८९५ सालीच गेल्या असत्या. पाच वर्षे त्या गेल्या नाहीत. रडल्या, रागावल्या, भांडल्या, परंतु न पटलेली गोष्ट त्यांनी पटली असे म्हटले नाही. ज्या दिवशी पटले त्या दिवशी ती गोष्ट नवऱ्याची राहिली नाही, त्यांची झाली. त्यांच्या समाधानाचे मूळ येथे आहे, असे आम्हांस वाटते. जे आपल्यावर येऊन पडले त्याचा स्वीकार करण्यापूर्वी त्यांनी त्याची झडती घेतली.

आणि त्या समाधानाने त्यांचे कष्ट कमी केले, असे मुळीच नाही. छप्पनच्या दुष्काळाचे ते दिवस. अहमदनगरास अनाथ मुले, परके विद्यार्थी, आलेगेले यांचे घर त्यांनी चालविले. प्लेगच्या छावणीत आजारी मुलींची शुश्रूषा केली. ज्या हातांस एकेकाळी दुसऱ्याच्या स्पर्शाचे भय होते, तेच हात आता रोग्यांच्या अंथरुणाशी होते. बालकवी ठोमरे हेही याच घरात मुलासारखे राहून गेले. चारचौघींसारखा संसार हातचा गेला खरा. पण त्याच्या जागी जो आला त्यास भिंतीच नव्हत्या. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि पुन्हा उद्याची चिंता दाराशी आली. ५ मे १९१८ रोजी बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले.

अपेक्षा उलथण्याची ही दुसरी खेप होती आणि पहिलीहून ती अधिक कठोर होती, कारण या खेपेस परत येणारे कोणी नव्हते. परंतु आता लक्ष्मीबाई त्याच राहिल्या नव्हत्या. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. ते त्यांनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय स्वतः रचले. जो ग्रंथ पतीच्या धर्माचा, तो शाळा न पाहिलेल्या पत्नीच्या हातून पुरा व्हावा, यापेक्षा त्या पाच वर्षांच्या विचारास अधिक मोठी पावती कोणती?

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या, आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. या ग्रंथाची थोरवी मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्मांतरितांच्या आत्मवृत्तांत पूर्वायुष्य काळे आणि उत्तरायुष्य उजळ रंगविण्याचा मोह असतो. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. सोवळ्यात बुडालेले वडील, हट्टी नवरा, चिडखोर स्वतः आपण, या सर्वांकडे त्या सारख्याच मायेने आणि सारख्याच मिस्किलपणे पाहतात. नवऱ्यावरील राग त्या लपवीत नाहीत आणि त्याच्यावरील प्रेमही. ज्यास समाधान लाभले नाही त्याला आपल्या जुन्या दुःखास असे हसता येत नाही. आणि ज्याने समाधानाचे केवळ सोंग घेतले त्याला असे खरे बोलता येत नाही.

कीर्तनाहून घरी परतणारा देगलूरचा शेतकरी समाधान हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्यात हार असते की शोध, हे शब्दावरून कळावयाचे नाही. ते कळते त्याच्या दुसऱ्या दिवसावरून. तो पुन्हा पेरतो का, शेजाऱ्यास पाणी देतो का, हसतो का. लक्ष्मीबाईंचा दुसरा दिवस आपणापुढे आहे.