दुर्बिणीचें विशालन

दुर्बीण वस्तु मोठी दाखविते हें सर्वांस ठाऊक आहे. पण किती पट मोठी, हें ठरवावयाचें कसें? १६१० च्या मार्च महिन्यांत व्हेनिस येथें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत गॅलिलिओनें चंद्रावरील डोंगर व गुरूचे चार उपग्रह वर्णिले, तेव्हां हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा उरला नाहीं. उपग्रह खरे कीं कांचेनें केलेला भास, अशी शंका विद्वानच घेऊं लागले. पडताळा पाहणाराची दुर्बीण तितक्याच शक्तीची हवी होती.

गॅलिलिओनें सुचविलेली परीक्षा साधी होती. कागदाचीं दोन वर्तुळें भिंतीवर लावावीं. एकाचें क्षेत्र दुसऱ्याच्या ४०० पट, म्हणजे व्यास २० पट असावा. मोठें वर्तुळ एका डोळ्यानें नुसतें पाहावें व लहान दुसऱ्या डोळ्यानें दुर्बिणींतून. दोन्ही सारखीं दिसलीं, कीं दुर्बीण २० पटीची! मापन झालें खरें. पण २० च पट कां, याचें कारण त्यांत नव्हतें.

कारणाची वाट केप्लरनें १६११ च्या आपल्या ‘डायॉप्ट्रिसे’ या ग्रंथांत दाखविली. वक्रीभवनाचा अचूक नियम त्यास ठाऊक नव्हता. लहान कोनांपुरता किरण कांचेंत शिरतांना आपतन कोनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका वळतो, एवढ्याच आधारावर त्यानें आकृति काढून प्रतिमा कोठें पडते व उलटी कां पडते, हें सांगितलें.

शाळेंतील किरणाकृति याच वाटेवरची आहे. बहिर्गोल भिंगाच्या मध्यांतून जाणारा किरण सरळ जातो. अक्षाशीं समांतर आलेला नाभींतून जातो. ते मिळतात तेथें वस्तूच्या शेंड्याची प्रतिमा. भिंगाच्या मध्याशीं दोन समरूप त्रिकोण होतात, म्हणून अंतरांचें जें प्रमाण तेंच उंचींचें. १० इंच नाभ्यंतराच्या भिंगापासून ३० इंचांवर मेणबत्ती ठेवली, तर प्रतिमा १५ इंचांवर व निम्म्या उंचीची पडते.

दुर्बिणीचा हिशेब १६५३ सालीं हॉलंडच्या क्रिस्तिआन हायगेन्सनें सिद्ध केला: पुढील भिंगाच्या नाभ्यंतरास डोळ्याजवळील भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें. १०० इंच व ४ इंच असतील, तर विशालन २५ पट. हें विवेचन त्याच्या मृत्यूनंतर, १७०३ सालीं छापलें गेलें. परंतु १६५५ सालींच, भावाच्या साहाय्यानें घासलेल्या भिंगांतून, त्यानें शनीचा उपग्रह टायटन शोधला होता.

गॅलिलिओस दुर्बिणीची शक्ति ती तयार झाल्यावर भिंतीपाशीं मोजावी लागे. हायगेन्सला ती कांच घासण्यापूर्वींच कागदावर कळे.