अफू पिकवणाऱ्या देशातलं दुखणं

आई झल्लाकला यायची असली की मी आधी तिच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी तपासते. परदेशात राहणारे तुम्हीही तपासत असाल. पण या धाकाचा एक इतिहास आपल्याकडचाही आहे.

१९८५ साली भारतात अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. मग सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या आपल्याच देशात मॉर्फिन दुर्मिळ झालं. परवान्यांची कटकट नको म्हणून अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी शिडी आखली: आधी पॅरासिटामोलसारखी औषधं, मग सौम्य ओपिऑइड, शेवटी मॉर्फिन. आपल्याकडे शिडी आली, वरची पायरी गायब!

खालच्या पायऱ्यांनाही मर्यादा आहेत. आयबुप्रोफेन रोज घेतलं तर पोट आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. गॅबापेंटिन नसांच्या दुखण्यावर देतात, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. व्यायामाने आईच्या मणक्याला आराम पडतो, पण रात्रीची कळ राहतेच.

२०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनची वाट थोडी मोकळी केली. २०१८ मध्ये ट्रामाडोलही याच कायद्याखाली आलं. व्यसनाची भीती खोटी नाही, आणि जुनाट दुखण्यावर मॉर्फिन हे सरसकट उत्तरही नाही. पण ‘हे औषध नको’ म्हणणाऱ्याने ‘मग कोणतं?’ हेही सांगायला हवं. आईचा प्रश्न तेवढाच आहे.